दोन सारख्या वाट्या वेगळ्या कशामुळे?

उंबरठा: शेजारच्या काकूंची वाटी आमच्या मांडणीत मिसळली. दोन्ही स्टीलच्या, एकाच मापाच्या, खाली नाव घातलेलं नाही. तेव्हापासून तेराव्या शतकातला वाद डोक्यात घोळतोय. थॉमस अक्विनस हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ म्हणतो, वाटीपण (वाटी असणं) दोघींचं एकच. वेगळं आहे ते द्रव्य (ज्याची वस्तू बनते ते), लांबी-रुंदीने आखलेलं, बोट दाखवता येईल असं. (खरं तर तो बोलतो माणसांबद्दल, वाटी माझी.) मला पटतं. विषय संपला.

तर्कटी: संपला कसला? देवदूतांना द्रव्यच नाही. म्हणून त्याला म्हणावं लागलं की प्रत्येक देवदूत ही स्वतंत्र जातच, म्हणजे वेगळा प्रकारच. एका जातीत एकच नग! १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानं निषिद्ध ठरवली, त्यांत ‘द्रव्याशिवाय देवालाही एका जातीचे अनेक घडवता येत नाहीत’ हेही होतं.

उंबरठा: देवदूत राहू द्या, वाटीवर या.

तर्कटी: येतो. डन्स स्कोटस हा त्याच्यानंतरचा तत्त्वज्ञ (मृत्यू १३०८) विचारतो, लांबी-रुंदी हा गुणच ना? वाटी आपटली, पोचा आला, माप बदललं, तरी वाटी तीच. गुण वाटीला येऊन चिकटतात, म्हणजे ‘ही’ वाटी आधीच हवी. तिला ‘ही’ करणारं काहीतरी तिच्यातच आहे. त्याचे अनुयायी त्याला म्हणत ‘हेक्सेइतास’. आपण ‘हेपण’ म्हणू.

उंबरठा: ही ही का? तर हिच्यात हेपण आहे म्हणून. वा! 😀

जुनं_दप्तर: हे आपल्याकडेही झालंय. दोन पार्थिव (पृथ्वीचे) परमाणू गुणांनी सारखे, मग वेगळे कशाने? वैशेषिक दर्शनवाले म्हणाले, प्रत्येकात एकेक ‘विशेष’ असतो. आणि विशेष एकमेकांपासून? ते आपसूक वेगळे. (वाटीला विशेष लागत नाही, तिचे अवयवच वेगळे.) नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणी या तर्कपंडिताने यावरच बोट ठेवलं: विशेष आपसूक वेगळे असू शकतात, तर परमाणूच का नसावेत? मधला दलाल कशाला? युरोपातला तत्त्वज्ञ विल्यम ऑकमही त्याच वाटेचा. जे आहे ते मुळातच एकेकटं. एकेकटेपणाला कारण मागूच नका.

तर्कटी: मग दोघींना ‘वाटी’ हा एकच शब्द कसा चालतो, ते ऑकमने सांगावं.

जुनं_दप्तर: सांगतो की. त्या एकमेकींसारख्या आहेत, सामान्य काय ते आपल्या मनात.

उंबरठा: ताजी बातमी: काकूंनी वाटी ओळखली! काठाला बारीक चीर होती. म्हणजे गुणांवरूनच ना?

तर्कटी: ओळखली चिरेवरून. वेगळी चिरेमुळे होती का? चीर पडायच्या आधी काय, दोघी मिळून एकच वाटी होत्या?