अनुभव धागा : ‘माझी आई खूप प्रेमळ आहे’ याच्या पुढे मुलं काय लिहितात?

धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी तिसरीला शिकवते. परवा ‘माझी आई’ निबंधाच्या ३१ वह्या तपासल्या. सगळ्या आया पहाटे लवकर उठणाऱ्या, प्रेमळ आणि छान स्वयंपाक करणाऱ्या निघाल्या. यातल्या निम्म्या आयांना मी ओळखते. एकीची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जाते. दुसरी कापूस वेचता वेचता अख्ख्या वावरातल्या बायकांना हसवते. त्यातलं वहीत काहीच नव्हतं. यात मुलांची चूक नाही, फळ्यावर दहा ओळी लिहून देणारे आम्हीच. तुमच्या घरातल्या, वर्गातल्या मुलांनी आवडत्या माणसाबद्दल लिहिलं तेव्हा काय झालं, ते सांगा. फसलेलंही सांगा.

रावेर तालुका, एक आई :
मुलगा दुसरीत आहे. ‘माझे पप्पा कष्टाळू आहेत’ एवढं लिहून त्यानं पेन्सिल खाली ठेवली. माझे मिस्टर केळी कटाईच्या कामावर जातात. मी विचारलं, “दोरीवर दहा शर्ट वाळत असतील तर पप्पांचा कोणता ते कसं ओळखशील?” तो पळत अंगणात गेला, बराच वेळ शर्टापाशी उभा राहिला आणि येऊन त्यानं लिहिलं : ‘पप्पांच्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत. आई घासते तरी जात नाहीत. उजव्या खांद्यावर जास्त आहेत. पप्पा घड त्या खांद्यावर घेतात.’
अकरा वर्षं ते शर्ट मी धुतेय, पण उजव्या खांद्याचं माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. रात्री मिस्टरांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, वही हातात घेऊन बसून राहिले.

जळगाव, एक आजोबा :
नातीनं माझ्यावर लिहिलेली एकच ओळ : ‘आबा चहा बशीत ओततात आणि पहिली फुंकर मला मारू देतात.’ कागद कपाटात जपून ठेवलाय.

अमळनेर तालुका, शिक्षक :
मला माझी चूक सांगायची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलानं अहिराणीत, म्हणजे इकडच्या बोलीत, लिहून आणलं : ‘मनी आजी मांडा हातवर फिरावस. मांडा कोपरपावत येस. मी चुल्हाजोडे बठीसन देखस.’ (माझी आजी मांडा, म्हणजे मोठी पातळ पोळी, हातावर फिरवते. मांडा कोपरापर्यंत येतो. मी चुलीजवळ बसून बघतो.) मी लाल पेनानं ‘मनी’चं ‘माझी’ केलं, ‘फिरावस’चं ‘फिरवते’ केलं आणि पुन्हा लिहून आण म्हणालो. दुसऱ्या दिवशी वहीत होतं, ‘माझी आजी मांडे करते. ती प्रेमळ आहे.’ हात गेले, कोपर गेलं, चुलीपाशी बसलेलं ते पोरही गेलं.
खापरावरचे मांडे ज्यांनी करताना पाहिलेत त्यांना कळेल, त्या मुलानं किती नेमकं टिपलं होतं. आता मी पहिलीदुसरीच्या मुलांना आधी बोलू देतो, अहिराणीत बोलले तर अहिराणीत, आणि त्यांच्या तोंडून येईल तसंच फळ्यावर लिहितो. त्यालाच प्रमाण मराठीत कसं म्हणतात, ते नंतर शेजारी लिहितो. पहिलं वाक्य पुसत नाही. आपल्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या बोलत गेल्या आणि त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ते जपलं, म्हणून १९५२ साली त्यांच्या कविता छापून आल्या. लेवा बोलीतल्या त्या शब्दांवर कुणी लाल पेन फिरवला असता तर आपल्या हाती काय उरलं असतं?

शहादा तालुका, शिक्षिका :
दिवाळीनंतर आमच्याकडचे बरेच आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मुलं आजीआजोबांजवळ राहतात. अशा दिवसांत मी ‘माझी आई’ विषय दिला. एका मुलीनं कोरी वही आणून ठेवली आणि खाली बघत उभी राहिली. मी तो विषय तिथेच सोडला. तेव्हापासून ‘माझं माणूस’ एवढंच सांगते, कोणाबद्दल लिहायचं ते मुलं ठरवतात. होळीला आई परत आली, त्यानंतर त्या मुलीनं मी न सांगता लिहिलं : ‘आई आली की पहिले माझ्या डोक्यात उवा बघते. मग बोलते.’

चाळीसगाव, एक पालक :
हे सगळं पटतं, पण परीक्षेत मार्क दहा ओळींनाच मिळतात. तिथे काय करायचं?

धागाकर्ती :
दादा, ही अडचण माझीही आहे. मी दहातल्या चार ओळी नेहमीच्या ठेवते, नाव, गाव, काम अशा. उरलेल्या सहा मुलानं स्वतः पाहिलेल्या. ‘प्रेमळ’ लिहिलं तर विचारते, तुला ते कधी कळलं? बहुतेक वेळा उत्तरात एखादा प्रसंग निघतो आणि तोच वहीत जातो. वेळ फार लागतो हे खरं, एका तासाला चारपाच मुलंच होतात.
रावेरच्या ताई, तुमचा दोरीवरचा शर्ट मनातून जात नाही. माझ्या वर्गात दोघांना वडील नाहीत, म्हणून शर्टाऐवजी उद्या दारातल्या चपला घेणार आहे. कोणती कोणाची, आणि कुठे झिजली आहे, एवढं संध्याकाळी घरी बघून यायला सांगेन.