सख्ख्या भावावरच दावा

एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा औषधविक्रेता थॉमस हॉलोवे. मूलबाळ नव्हतं म्हणून त्याने पैसा दान केला, असं कुणी कुणी म्हणतं. अर्धंच खरं. त्याच्या घरची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे.

गोळ्या आणि मलम विकून गडी श्रीमंत झाला. गोळ्यांत मुख्यतः कोरफडीचा बोळ (वाळवलेला रस), सुंठ आणि साबण! खरं औषध म्हणजे जाहिरात. सुरुवातीला त्याच पायी कर्ज होऊन तुरुंगात गेला, तरी सुटल्यावर परत जाहिरातीच. १८८३ मध्ये मरण पावला तेव्हा त्यावरचा वार्षिक खर्च ५०,००० पौंडांच्या घरात होता.

आता भाऊबंदकी. थॉमसचं दुकान लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर, २४४ नंबरला. धाकट्या हेन्रीने त्याच रस्त्यावर २१० नंबरला दुकान थाटलं आणि तशाच डब्यांतून 'हॉलोवेच्या गोळ्या' विकायला लागला. आडनाव त्याचंही तेच! पण १८५० मध्ये कोर्टाने मनाई केली: स्वतःच्या नावाने धंदा खुशाल कर, गिऱ्हाइकाला फसवायला नाव वापरू नकोस.

त्यामुळे असेल, माणसं थॉमसने सासरची जवळ केली. साडू जॉर्ज मार्टिन आणि मेहुणा हेन्री ड्रायव्हर, दोघांनी पुढे हॉलोवे हे नावही लावलं. लंडनजवळच्या एगमचं मुलींचं कॉलेज उभारलं ते बायको जेनच्या स्मरणार्थ. ती १८७५ मध्ये गेली. १८८६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलं, ते बघायला थॉमस नव्हता. इमारत साडूनेच पुरी करून घेतली.