मदत हवी आहे: पापडावरून काढलेला प्रकाशाचा वेग निम्माच का येतोय?

लेक नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने प्रयोग ठरवलाय, मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजून प्रकाशाचा वेग काढायचा. आधी मला वाटलं, पापड खायचं निमित्त असेल. आता मीच अडकलोय.

काय केलं ते सांगतो. ओव्हनमधली काचेची थाळी आणि तिच्याखालची चाकं काढली, म्हणजे आत काही फिरायला नको. मधल्या खुंटीवर बाऊल पालथा घातला, त्यावर काचेची ताटली, ताटलीत उडदाचा पापड. 20 सेकंदांत दोन ठिकाणी पांढरट फुगे आले, बाकीचा पापड कच्चाच. एका फुगवट्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत फुटपट्टीने 6.2 सेंमी. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर 2450 मेगाहर्ट्झ छापलंय, ही आतल्या लहरींची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला 245 कोटी लहरी. फुगवट्यांमधलं अंतर म्हणजेच एका लहरीची लांबी (तरंगलांबी) धरून तरंगलांबी गुणिले वारंवारिता केलं तर सेकंदाला जेमतेम 1 लाख 52 हजार किमी! 4 पापड संपले, अंतर 6 ते 6.5 च्या पुढे जात नाही.

दुसरी अडचण आमच्या वडिलांची. ते म्हणतात, "ओव्हनमधलं ते काही दिसत नाही, मग त्यावरून प्रकाशाचा वेग कसा काढता?" मी "सगळं एकाच वर्णपटातलं" असं म्हणून पाहिलं. पटलं नाही त्यांना. खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता आलं नाही.

प्रतिसाद 1
बाकीचा पापड गॅसवर भाजून घ्या, वाया घालवू नका. उत्तर जाणकार देतील.

प्रतिसाद 2
मोजमाप बरोबर आहे, 2 ने गुणायचं राहिलंय. कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरं हलवत राहा. हाताचा ताल जमला की दोरीचे काही भाग जोरात झुलतात आणि मधले काही बिंदू जागचे हलत नाहीत. ओव्हनच्या धातूच्या भिंतींवरून लहर परत फिरते, तेव्हा आत असाच स्थिर तरंग तयार होतो. आता शेजारशेजारचे दोन झोल बघा: एक वर असतो तेव्हा दुसरा खाली. पुरी तरंगलांबी म्हणजे वरच्या झोलापासून पुढच्या वरच्या झोलापर्यंत. पण पापडाला वर काय नि खाली काय, दोन्हीकडे भाजतोच! म्हणून तुमचे 6.2 सेंमी ही अर्धी तरंगलांबी. 12.4 सेंमी धरा, वेग सुमारे 3 लाख 4 हजार किमी येईल. खरा 2,99,792. इतकं जवळ येणं हे थोडं नशीबही आहे हो, कारण खोक्यात लहरी सगळ्या बाजूंनी आपटतात आणि डाग नेहमी असे शहाण्यासारखे पडत नाहीत. लेकीला सगळी मापं लिहायला सांगा, नुसतं जमलेलं नको.

वडिलांना ओव्हनच्या दाराशी न्या. काचेमागच्या जाळीची भोकं मिलीमीटरभराची असतात. आतल्या दिव्याच्या उजेडाची तरंगलांबी मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी, तो भोकांतून आरामात बाहेर येतो. 12 सेंमीची लहर त्याच जाळीवरून मागे फिरते. जात एकच, लांबी वेगळी. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1860च्या दशकात विजेच्या आणि चुंबकत्वाच्या मापांवरून अशा लहरींचा वेग काढला, तर तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. 1888 च्या सुमारास हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत या लहरी जस्ताच्या पत्र्यावरून परतवल्या आणि तारेच्या कड्यातली ठिणगी कुठे वाढते, कुठे मावळते ते बघत तरंगलांबी काढली. त्याच्याकडे ठिणगी, तुमच्याकडे पापड.

प्रतिसाद 3
एक सूचना. एकट्या पापडावर ओव्हन 20-25 सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, आत लहरी शोषायला फारसं काही नसतं. रिकामा तर मुळीच नको.

धागाकर्ता
जमलं! 2 ने गुणायचं हे लेकीला दोरी हलवल्यावर लगेच कळलं, मला जरा उशिरा. वडील दाराच्या जाळीजवळ चष्मा लावून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "डाग पापडाच्या जाडीपातळीमुळे कशावरून पडत नाहीत?" म्हणून लेकीने पुढचा पापड मुद्दाम 3 सेंमी डावीकडे सरकवून ठेवला. डाग ओव्हनमध्ये होते तिथेच पडले, पापडावर मात्र 3 सेंमी उजवीकडे.