94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात, म्हणून सगळं आलबेल?

माळरान : काल 'सुईणीची नात' यांनी लिहिलं की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 नुसार महाराष्ट्रात 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, तेव्हा सरकारी आरोग्यसेवेला नावं ठेवणाऱ्यांनी गप्प बसावं. रात्रभर डोक्यात तेच. त्या 94.7 मध्ये खासगी दवाखानेही आहेत, ताई! माझ्या बहिणीची पहिली खेप. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्री डॉक्टर नाहीत, ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, शेवटी जिल्ह्याच्या गावी खासगीत सीझर. दाजींनी बैलजोडी विकली. पाहणीत तीही 'संस्थात्मक प्रसूती'च. बाळंतपण कुठे झालं एवढंच त्यातून कळतं. किती दारं ठोठावली, ते कुठे लिहिलंय?

सुईणीची नात : बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. पण माझी आजी कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं करायची. दोन बाया तिच्या हातात गेल्या, मरेपर्यंत त्यांची नावं घ्यायची ती. 2005 ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं, दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशा म्हणजे आरोग्य कार्यकर्त्या आल्या, मग 108 ची रुग्णवाहिका आली. 2020 च्या नमुना नोंदणीत (जन्म-मृत्यूची सरकारी पाहणी, एसआरएस) राज्याचा अर्भकमृत्यू दर हजारी 16, देशाचा 28. हे काय आपोआप झालं?

माळरान : आपोआप झालं असं मी म्हटलंच नाही. तुमच्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांमधला रक्तक्षय आधीच्या फेरीतल्या 53.8 वरून 68.9 टक्क्यांवर गेलाय. तो का नाही टाकलात?

लॅबवाला : तो आकडा जपून वापरा. बोटाच्या थेंबावरची तपासणी आहे ती, शिरेतलं रक्त घेतलं की फरक पडतो.

गटप्रवर्तक : पाहणीवाले काही वर्षांनी येतात. रोजचे आकडे आमच्या आशा देतात, त्यांचं कोणी बोलणार का? आधी रजिस्टर, मग तेच ॲपमध्ये, रेंज नसली तर टेकडीवर जाऊन. आणि बाळ दगावलं अशी नोंद केली की आढावा बैठकीत सगळ्यांसमोर खुलासा. मग दोन तास जगलेलं बाळ कागदावर 'उपजत मृत' होतं. मी पाहिलंय.

लॅबवाला : म्हणजे खोटं तुम्हीच लिहिता, आणि मोबदला वाढवा म्हणून आझाद मैदानावरही तुम्हीच!

गटप्रवर्तक : तोंड सांभाळा. आशाला पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. कोविडमध्ये दारोदार ऑक्सिजन मोजत फिरल्या, तेव्हा तुम्ही कुठे होता?

माळरान : लॅबवाले, हे बोलणं बरं नव्हे. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांनाच नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू किती घटले ते 1999 ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथे एकेक मृत्यू नोंदवला जायचा, कारण नोंदवणारीला कोणी फाडून खात नव्हतं.

लॅबवाला : आझाद मैदानाचं मागे घेतो. नोंदीचं नाही. खुलाशाच्या भीतीने लिहिलं तरी खोटं ते खोटंच.

सुईणीची नात : सरकारी दवाखान्यांचा आकडा त्याच तक्त्यात खालच्या ओळीत आहे. मी टाकायला हवा होता, कबूल. 'गप्प बसा' मात्र मी चिडून लिहिलं होतं, कारण इथे पीएचसीला शिव्या घालणारे किती जण कधी तिथली पायरी चढलेत?

माळरान : मी चढलोय. रात्री अडीच वाजता. कुलूप होतं.