कुळागरात तंबू टाकण्याबद्दल
जानेवारीत चोर्ला घाटाने गोव्यात उतरून पहिली रात्र किनाऱ्याऐवजी सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या कुळागरात, तंबू टाकून काढावी का, असं एकाने विचारलंय. जरूर काढा! फक्त मालकाशी आधी बोलून ठेवा आणि घाट उजेडातच उतरा.

कुळागर म्हणजे माड, पोफळी, केळी, त्यांवर चढवलेले मिरवेल आणि मधून खेळवलेलं पाटाचं पाणी. दिसायला देखणं, पण आत ओल फार. शिवाय माडाखाली तंबू कधीच नको, रात्री नारळ किंवा झावळ कधी पडेल सांगता येत नाही. सुपारी वाळवायचं मोकळं अंगण असतं, ते मागा.

आता खरं काळजीचं. तुम्ही जानेवारीत येताय आणि डिसेंबर ते मे हा माकडतापाचा हंगाम. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणूजन्य आजार गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. सत्तरीतही 2015 पासून रुग्ण आढळले आहेत. म्हणून पाचोळ्यावर बसणं-लोळणं नको, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, झोपण्याआधी एकमेकांच्या मानेमागे, कानांमागे नीट बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला कळवा. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना सत्तरीत राहिल्याचं आवर्जून सांगा.

सकाळी तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर चुकवू नका. आसपास सगळा जांभा, आणि मंदिर मात्र काळ्या बेसाल्टचं!