अणू किती पोकळ असतो हे पोरांना कसं सांगू?

नववीच्या पोरांसाठी विज्ञानावर लिहून राहिलो. केंद्रक अणूच्या साधारण एक लाखांश रुंदीचं असतं असं लिहिलं तर पोरं वाचतात अन् सरळ पुढं जातात, डोळ्यासमोर काहीच येत नाही. एखादं रूपक सुचवा ना.

> संत्र्याची बी घ्या दादा, सेंटीमीटरभराची. ती केंद्रक समजून झिरो माइलच्या खांबापाशी ठेवली तर अणू जवळपास १ किलोमीटर रुंद होईल, म्हणजे चारही बाजूंनी अर्धा-अर्धा किलोमीटर अन् त्या एवढ्या जागेत फक्त इलेक्ट्रॉन. नागपूरच्या पोरांना ते अंतर पायानं ठाऊक आहे, आकडा पाठ करायची गरजच नाही.

> मस्त आहे, पण रूपक कुठं थांबतं तेही लिहाच. बी म्हटलं की हलकी वाटते, इथं तर अणूचं ९९.९ टक्क्यांहून जास्त वस्तुमान केंद्रकातच असतं. अन् १९११ मध्ये रदरफोर्ड या शास्त्रज्ञानं केंद्रक शोधल्यानंतर अणूचं सूर्यमालेसारखं चित्र इतकं पक्कं बसलं की इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरतात असं अजूनही कित्येकांना वाटते, तसे ते फिरत नाहीत.

> वस्तुमानाचं तर बीच्या लगेच खालीच टाकतो. इलेक्ट्रॉनचं रूपकाशिवाय, सरळ शब्दांत लिहितो.