साडेचारशे किलोची गाडी: हुशारी की नुसती काटकसर?

नटबोल्ट
मागच्या महिन्यात कॉव्हेंट्रीला मावसभावाकडे होतो. त्याच्या मित्राच्या कॅटरहॅम सेव्हन १७० या छोट्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीत शेजारी बसून तासभर फिरलो आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. म्हणून हा धागा.

गाडी ४४० किलोची. इंजिन सुझुकीचं, ६६० सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, ८४ अश्वशक्ती. टायर १५५ रुंदीचे, आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकला असतात तेवढेच. मागे लाइव्ह अ‍ॅक्सल, म्हणजे ओम्नीखाली असतो त्या जातीचा. कागदावर वाचून हसू येतं, पण वळणात बसल्यावर नाही येत.

माझं म्हणणं: ही कंजुषी नव्हे. गाडी हलकी, म्हणून ब्रेक लहान चालतात. ब्रेक लहान, म्हणून चाकं लहान. चाकं लहान, म्हणून पुढच्या सस्पेन्शनचे आर्म बारीक. एक किलो जाताना दुसऱ्याला हाताला धरून नेतो. हजार अश्वशक्ती पैसे टाकून मिळते, हे मिळत नाही.

सरळरेषा
ओम्नीचा अ‍ॅक्सल लावला आणि त्याला हुशारी म्हणायचं? मग बाकीच्या सेव्हनना कॅटरहॅमच दे दिओं अ‍ॅक्सल का देते? त्यात डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा, चेसिसला बांधलेला असतो. लाइव्ह अ‍ॅक्सलमध्ये तो अख्खा गोळा चाकांबरोबर वरखाली नाचतो. दीड टनाच्या गाडीत ते खपून जातं, कारण वरचं धूड जागचं हलत नाही. ४४० किलोच्या गाडीत खड्डा आला की अ‍ॅक्सल गाडीलाच उडवतो. सगळ्यात हलक्या गाडीला सगळ्यात वाईट अ‍ॅक्सल मिळाला, कारण तो सुझुकीकडे तयार होता. याला हिशेब म्हणतात.

शिवाय आकार १९५७ च्या लोटस सेव्हनचा. हवेला भिंत. १७० किमीच्या आसपास दम संपतो.

नटबोल्ट
१७० ला दम संपतो हे मान्य, पण छोट्या ट्रॅकवर सरळ रस्ता असतो किती? अ‍ॅक्सलचं मात्र कबूल करतो राव, खेड्यातल्या रस्त्यावर कंबरडं ढिलं झालं.

मिडलंडची माई
अकरा वर्षं सस्पेन्शनवरच पोट चाललंय, म्हणून तोंड घालते. तुम्ही दोघंही माणसाला विसरलात.

८० किलोचा ड्रायव्हर १४०० किलोच्या गाडीत सहा टक्केसुद्धा नाही. ४४० किलोच्या गाडीत तो १८ टक्के होतो. शेजारी नटबोल्ट बसले की गाडी ६०० किलोची. आता स्प्रिंग कुणासाठी निवडायची? एकट्यासाठी निवडली तर दोघं बसल्यावर मागून बसते. दोघांसाठी निवडली तर एकट्याला आपटते. मोठ्या कंपन्यांना हा प्रश्न इतका टोचत नाही, छोट्यांची झोप उडवतो.

म्हणून मला लिव्हरपूलची बीएसी मोनो आवडते. २०११ पासून एकच सीट, तीही मधोमध. लोक म्हणतात मिरवायची गाडी. मला त्यात फक्त ठरलेलं वजन दिसतं. ह्यांना फिरवायला नेता येत नाही, तेवढं सोडा.

बुसाभक्त
अ‍ॅक्सल-बिक्सल सोडा. मोटरसायकलचं इंजिन टाका! पीटरबरोची रॅडिकल १९९७ पासून हेच करतेय. पुढे हायाबुसाचं इंजिन, गिअरबॉक्स त्यातच, वजन नगण्य. त्यांच्या एसआर८ ने २००९ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकच्या एका फेरीला ६ मिनिटं ४८ सेकंद लावले होते. व्हॅनच्या अ‍ॅक्सलवर कसली चर्चा करताय?

अर्धाकच्चा इंजिनिअर
@बुसाभक्त, आम्ही पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये हेच केलं. फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी मोटरसायकलचं सिंगल सिलिंडर इंजिन गाडीत बसवलं. बाइक वळणात झुकते, त्यामुळे तेल संपच्या (इंजिनखालचं तेलाचं भांडं) तळाशीच राहतं. गाडी झुकत नाही. लांब वळणात तेल एका भिंतीवर चढतं, तेल ओढणारा पिकअप हवा ओढतो. संपमध्ये आडव्या पट्ट्या घालू म्हणता म्हणता राहून गेल्या आणि कोइंबतूरला जायच्या आधीच बेअरिंगचा भुगा. चूक आमचीच.

रॅडिकलवाले ड्राय संप लावतात, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत, पण त्याचा पंप, टाकी, पाइप हे सगळं वजनच की. क्लचही दोनशे किलोच्या बाइकसाठी घडवलेला. आणि इंजिन खोलायची वेळ किलोमीटरवर नाही, तासांवर मोजायची. रिव्हर्स नव्हता म्हणून आम्ही गाडी ढकलायचो, ते वेगळंच.

सरळरेषा
वजनच घटवायचं तर नीट घटवा. केटीएम एक्स-बो बघा, इटलीच्या डल्लाराने केलेला कार्बन फायबरचा टब, म्हणजे गाडीचा सांगाडाच.

मिडलंडची माई
आणि वजन ७९० किलो! आतलं ऑडीचं दोन लिटर टर्बो उचलून बघा. इकडे सॉमरसेटची एरियल अ‍ॅटम ४, स्टीलच्या नळ्या वेल्ड केलेल्या, सिव्हिक टाइप आरचं इंजिन, ३२० अश्वशक्ती, तरी ५९५ किलो. कार्बन लावला की गाडी हलकी होते, हा समज सोडा.

(एक्स-बो जिनिव्हाला मांडली २००७ मध्ये. त्याच वर्षी आकुर्डीच्या बजाजने केटीएममध्ये हिस्सा घेतला. उगाच आठवलं.)

सरळरेषा
माई, तो टब वजनासाठी नाहीच. तो आतल्या माणसासाठी आहे, आणि खालच्या सपाट फ्लोअरसाठी. कंपनीच्या दाव्यानुसार २०० किमी वेगाला हवेचा खाली जवळपास २०० किलोंचा दाब मिळतो. सेव्हनचे पुढचे मडगार्ड वेग वाढला की गाडी वर उचलायला बघतात.

मिडलंडची माई
दाब मान्य. पण ट्रॅकवर धडक होतेच. नळी वाकली तर कापून नवी वेल्ड करता येते, गल्लीतला चांगला वेल्डरही करेल. कार्बनला आत तडा गेला तर वरून दिसतसुद्धा नाही, अल्ट्रासाउंड लावून शोधावा लागतो.

सरळरेषा
नळी कापून नवी लावता येते. मांडीचं हाड नाही लावता येत.

आणि हलकेपणाचं खरं गुपित सांगू? कायदा. थोड्या गाड्या बनवणाऱ्यांना एअरबॅगसारख्या गोष्टींतून सूट मिळते. लोटस एलिस १९९६ ला ७२५ किलोची होती. टोयोटा इंजिन, एबीएस वगैरे येऊन ती १११आर झाली तेव्हा ८६० किलो. इंजिनिअर तेच, लोटसच्या हेथेल कारखान्यातले. मग हलकेपणा गेला कुठे?

नटबोल्ट
हे लागलं. एलिसचं उत्तर माझ्याकडे नाही. पण सूट तर सगळ्याच छोट्या कंपन्यांना आहे, तरी ४४० ला पोचली कितीजण?

मिडलंडची माई
नटबोल्ट, त्या मित्राला एक विचारा. टायरमध्ये हवा किती भरतो?

नटबोल्ट
विचारलं. ३०. पंपावर सगळ्या गाड्यांत भरतात तेवढीच.

मिडलंडची माई
अहो, एवढ्या हलक्या गाडीला १८-२० पुष्कळ झाली. ३० भरली की टायर दगड होतो. कंबरेचा दोष अ‍ॅक्सलवर टाकायच्या आधी हवा काढायला सांगा.

नटबोल्ट
त्याने आत्ताच काढली. म्हणतोय वेगळीच गाडी वाटतेय.

सरळरेषा
अ‍ॅक्सल तरी ओम्नीचाच.